भिंतीजवळची बोटभर जागा

फार फार वर्षांपूर्वी, जिथे नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने नुसतं वाळूचं असायचं अशा एका कोरड्या मुलखात, सटवा नावाचा सुतार राहत होता. त्याच्या हाताचा जोड असा बेमालूम असे, की दोन फळ्यांमधून केससुद्धा आत जाऊ नये. लोक मुद्दाम बोट फिरवून बघायचे आणि मान डोलवायचे. सटवाला ते फार आवडायचं.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अशी दोघंच. आईबाप लवकर गेले, तेव्हा आक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे आक्काची दृष्टी हळूहळू अधू होत गेली आणि शेवटी पार गेली. तरी तिचं कुणावाचून अडलं नाही. पाय टेकले की तिला कळायचं, इथे चूल, इथे उंबरा, इथे पाण्याचा रांजण. तिच्या घरभर फिरण्याकडे पाहून, ही आंधळी आहे असं कुणाला वाटलं नसतं.

मात्र घरातली दगडी फरशी थंडीत बर्फासारखी गार पडायची आणि आक्काच्या तळपायांत कळा यायच्या. एके दिवशी सटवा म्हणाला, "आक्का, तुझ्यासाठी मी लाकडाची जमीन करतो. अनवाणी चालशील तरी पाय दुखायचे नाहीत."

उन्हाळा तोंडावर आला होता. सटवाने फरशीवर कोरड्या वाळूचा पातळ थर पसरला आणि त्यावर फळ्या मांडायला घेतल्या. खिळा एकही नाही. एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसायची, आणि सगळी जमीन एखाद्या चटईसारखी मोकळी वाळूवर पडून राहायची. तो शेवटच्या फळीपर्यंत आला, तेव्हा आक्का हाताने चाचपत भिंतीपाशी बसली.

"सटवा, इथे जागा नाही रे सोडलीस?"

"कसली जागा?"

"बाबा भिंतीजवळ बोटभर जागा सोडायचे. चारी बाजूंनी. म्हणायचे, सुकलेल्या लाकडाला आता वाढायचंच तेवढं उरलंय."

सटवा हसला. "आक्का, आपल्याकडे वाढायला दमट हवा आहेच कुठे? इथे ओठसुद्धा फुटतात. आणि भिंतीशी फट दिसली तर गाव म्हणेल, सटवाचं माप चुकलं."

"मग वरून पट्टी लाव. फट कुणाला दिसणार नाही."

"पट्टी लावायची म्हणजे चूक झाकायची. माझ्या कामाला पट्टी लागत नाही."

आक्काने भिंतीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "तुझं काम, तूच जाण बाबा."

सटवाने शेवटची फळी भिंतीला घासून, ठोकून घट्ट बसवली. गाव बघायला लोटला. म्हातारे सुतारही येऊन वाहवा करून गेले. आक्का त्या जमिनीवर अनवाणी फिरली आणि खूश झाली. "पाय कसे सुखावलेत रे," असं ती प्रत्येकाला सांगायची.

मग ऊन तापलं. दुपारी घराबाहेर पाऊल टाकवेना. आक्काला उकाडा सोसेना, म्हणून सटवाने दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. येता-जाता तो त्यांवर पाणी मारायचा. घर सुगंधी, गार झालं. आक्का म्हणायची, "असा भाऊ कुणाला मिळतो!" पण त्या ओल्या वाऱ्यातलं पाणी फळ्याही पीत होत्या.

एका सकाळी आक्का म्हणाली, "सटवा, मधोमध माझ्या पायाला उंच लागतंय."

सटवा नव्या कामाला निघाला होता. त्याने दारातूनच नजर टाकली. "सपाट तर दिसतंय. तुला भास झाला असेल."

आणखी काही दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, "अरे, दारही खाली घासतंय बघ."

"दार जुनं आहे, आक्का. जमिनीला काही झालेलं नाही. माझं काम आहे ते."

त्यानंतर तिने विषय काढला नाही.

एका दुपारी सटवा अंगणात रंधा मारत बसला होता. आतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ आक्काची किंकाळी. तो धावत आत गेला. घराच्या मधोमध फळ्या एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. भिंतीकडे सरकायला त्यांना जागाच नव्हती. त्या उंचवट्याला अडखळून आक्का पडली होती. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं.

वैद्याने लेप लावला, कंबर बांधली. पण जाताना सटवाला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आता यांचं उठणं कठीण आहे."

सटवाने भिंतीकडच्या फळ्या काढल्या, चारी बाजूंनी करवतीने बोट-बोटभर कापल्या आणि पुन्हा बसवल्या. वरून पट्टीही लावली. काही दिवसांत उंचवटा आपोआप बसला. जमीन पुन्हा तळहातासारखी सपाट झाली. पण तिच्यावर चालायला आक्काचे पाय नव्हते. ती खाटेवर पडून असायची.

एकदा तिला पेज भरवताना सटवाला राहवलं नाही. "आक्का, तुझ्या पायांना तर सगळं कळायचं. मग त्या दिवशी कशी गं अडखळलीस?"

आक्काने त्याचा हात चाचपून धरला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"कळलं होतं रे. पुढचं पाऊल टाकायच्या आधीच पायाला चढ लागला होता. पण तू दोनदा म्हणालास, काही झालेलं नाही. मला वाटलं, भाऊ डोळस आहे, चुकत असतील ते माझेच पाय. म्हणून थांबले नाही."

सटवाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

तात्पर्य: लाकडाला वाढायला जागा सोडावी, आणि आपल्या माणसाच्या शब्दालाही मनात जागा द्यावी. उशिरा सुचलेल्या शहाणपणाने फार तर लाकूड सरळ होतं.