खोडलेली ओळ

फार फार वर्षांपूर्वी, नकाशे काढायची चाल पडण्याआधी, एका राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या आचार्यांना संशोधनासाठी राजाकडून मदत मिळे. वर्षातून एकदा त्यांचे अर्ज भरसभेत वाचले जात. एकदा नाकारला, की वर्षभर थांबायचं.

अर्ज लिहायला मदत करत एक वृद्ध पंडित. अनेक शास्त्रं शिकलेले, तरी मनात सतत धाकधूक. आपल्याला काही येत नाही हे एक दिवस उघडं पडेल, असं त्यांना वाटे. म्हणून कुणाच्याही अर्जात ‘माहीत नाही’ असं दिसलं, की ते लगेच ते शब्द खोडून टाकत. म्हातारा राजा न ऐकताच मान डोलवी, आणि अर्ज मंजूर होत.

त्या वर्षी गादीवर नवा राजा बसला. त्याच वर्षी एक वैद्या पंडितांकडे आली. तिचा अर्ज इतकाच होता: ‘नदीच्या अलीकडच्या तीन गावांत मुलांचे पाय वाकडे होतात. पलीकडे होत नाहीत. पाणी तेच, धान्य तेच. का, ते मला माहीत नाही. शोधायचं आहे.’

“अगं बाई, असं कुणी लिहितं का?” पंडित दचकले. “राजा म्हणेल, हिला काहीच येत नाही!”

“पण खरंच माहीत नाही, गुरुजी.”

“ते तुझ्यामाझ्यात. अर्जात नाही.”

शेजारी बसलेले ज्योतिषाचे आचार्य हसले. “ऐक त्यांचं. माझ्या अर्जात तर ग्रहसुद्धा चुकायचे थांबलेत!”

पंडितांनी शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘कारण वाऱ्यात आहे, हे सिद्धच आहे.’

सभा भरली. बारा अर्ज वाचले गेले. नव्या राजानं एकूण एक शब्द ऐकला आणि म्हणाला, “बाराही परत.”



“ग्रहांचं कळलंय, धातूंचं कळलंय, मुलांच्या पायांचंही कळलंय,” राजा म्हणाला. “मग शोधायचं काय?”

वैद्या खाली मान घालून उभी राहिली. आणखी एक वर्ष. आणखी किती मुलं? पंडित उठले.

“महाराज, पाय का वाकडे होतात ते तिला माहीत नाही. मलाही माहीत नाही. तिनं तसंच लिहिलं होतं. मी खोडलं.”

“खोडलेलं आठवतंय?”

“पाठ आहे, महाराज. अर्जात तेवढंच खरं होतं.”

“आणि असं किती अर्जांत खोडलंत?”

पंडित पुटपुटले, “सगळ्याच. तीस वर्षं.”

तीस वर्षांत राज्यात एकही नवा शोध का लागला नाही, हे सगळ्यांना एकदम कळलं.

वैद्येला मदत मिळाली. बाकीच्या अकरांना वर्षभर थांबावं लागलं. दोन वर्षांनी तिला उत्तर सापडलं: अलीकडची गावं धान्याच्या कणग्या ज्या पांढऱ्या मातीनं लिंपत, तिच्यातच दोष होता. माती बदलली, आणि त्यानंतर जन्मलेली मुलं सरळ पायांनी धावू लागली.

पंडित पुढेही अर्ज लिहायला मदत करत. पण कुणी आचार्य आला, की आधी विचारत, “तुला काय माहीत नाही, ते सांग.”

तात्पर्य: ‘माहीत नाही’ म्हणायला जो घाबरतो, त्याला नवं काही कळत नाही.