आधी घरी राहिलेल्याने बोलावे

पॅरिसच्या एका मोठ्या स्टेशनातून लोकलसारखी साधी गाडी सुटते आणि शहर मागे टाकून जंगलाच्या कडेने जात एर्नव्हालला येते. एर्नव्हाल हे लहान, शांत गाव. सकाळी अर्धे गाव कामाला पॅरिसला जाते, संध्याकाळी परत येते. दिवसभर रस्त्यात मांजरे आणि म्हातारी माणसे तेवढी दिसतात. गावात पाहण्यासारखे म्हणाल तर एक चर्च, एक बेकरी आणि ओढ्याकाठचा कौलारू धोबीघाट, ज्यावर आता कोणी कपडे धूत नाही. पण संध्याकाळची गाडी आली, की एक गोष्ट नव्या माणसाच्या नजरेत भरते. शहरातून आलेली माणसे आपापल्या दारापर्यंत जातात आणि तिथे गप्प उभी राहतात. आतले माणूस दार उघडते आणि तेच आधी बोलू लागते.

सांगलीचे दिगंबरकाका आणि कुंदाकाकू आपल्या पुतणीकडे, ऋजुताकडे, राहायला आले तेव्हा त्यांना हे कुठले माहीत असणार? दिवसभर पॅरिस पाहून परतल्यावर काकांनी फाटकातूनच सुरुवात केली. "अगं ऋजुता, काय तो मनोरा! आणि ती नदी! आणि गर्दी तर अशी की..."

ऋजुताच्या घरमालकीण मादाम सोलांज अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"आई गं, मी काही चुकीचं बोललो का?" काका दचकले.

"तुम्ही आधी बोललात," ऋजुता हसून म्हणाली. "इथं ते चालत नाही. थांबा, त्याच सांगतील."

मग मादाम सोलांज यांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली आणि जे सांगितले ते असे. ऋजुता एकेक वाक्य मराठीत करत गेली.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा आगगाडी नव्हती आणि एर्नव्हाल हे परटिणींचे गाव होते. इथल्या ओढ्याचे पाणी इतके मऊ, की साबण नुसता दाखवला तरी फेस यावा. पॅरिसमधल्या बड्या घरांचे मळके कपडे गाडीतून इथे येत आणि गुरुवारी पांढरेशुभ्र होऊन परत जात.

या गावात बातीस्त नावाचा गाडीवान होता. सारे आयुष्य त्याने गाव ते शहर अशी गाडी हाकली. पुढे देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले आणि गाडी शेजारच्या गिलोमकडे गेली. बायको आधीच वारलेली. घरात दोन मुली. थोरली पेरीन, धाकटी आन्येस.

पेरीनच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. खळ किती, नीळ किती, झालरीच्या चुण्यांवर इस्त्री कशी फिरवायची, हे तिला कोणी शिकवले नव्हते. पण ती बोलायला संकोची. आन्येसचे काम बेताचे, जीभ मात्र गोड. म्हणून गिलोमच्या गाडीवर कपडे पोचवायला आन्येस जाई आणि पेरीन घाटावर राही. बापाला भरवणे, त्याचे अंथरूण उन्हात टाकणे, त्याला ओसरीवर आणून बसवणे, सगळे पेरीनच करी.

आणि गुरुवारी संध्याकाळी चाकांचा आवाज आला, की बातीस्तचा चेहरा उजळे.

"आली का माझी आन्येस? सांग गं, काय काय पाहिलंस?"

आन्येस सांगू लागे. पुलावरचा अस्वलवाला, कॉफीच्या दुकानातले आरसे, एका बाईच्या टोपीवर बसवलेले अख्खे जहाज. बातीस्त मध्ये मध्ये विचारी, "मग? मग पुढं?" शेजारपाजारच्या बायाही येऊन उभ्या राहत. पेरीन कोपऱ्यात इस्त्री तापवत राही. तिला कोणी विचारत नसे. एकदा आन्येसच म्हणाली, "पेरीनलाही विचारा ना, बाबा." तेव्हा बातीस्त सहज म्हणाला, "तिचं काय असणार? ती तर इथंच होती."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते जसे वाटले तसे तो बोलला. पण ते वाक्य पेरीनच्या मनात कुसळासारखे रुतून बसले.

तेव्हापासून तिला आन्येसचे सगळेच सलू लागले. तिचे हसणे सलले, तिची चप्पल फटफटत येणे सलले, बापाच्या ताटातला तिने उचललेला घास सलला. आन्येसने शहरातून तिच्यासाठी हिरवी रिबीन आणली, तर पेरीनने ती मोजे बांधायला वापरली. घाटावरच्या बायांच्या नजरेतून हे सुटले नाही. बाया त्या बायाच.

"काय गं पेरीन, डोळे लाल का? साबण गेला की बहिणीची रिबीन?"

"अगं, तिला काही बोलू नका. ती कपडे नाही धोपटत, बहीण धोपटते!"

सगळ्या हसल्या. पेरीनही ओठ ताणून हसली आणि तिने चादर अशी काही पिळली, की शिवणच उसवली.

पुढे एका मोठ्या घरच्या लग्नाचे कपडे आले. चादरी, मेजावर पसरायची लांबच लांब वस्त्रे, सगळे पांढरे. शेवटच्या पाण्याला पेरीनने निळीची पुरचुंडी बुडवली. पांढऱ्या कपड्याला नीळ म्हणजे सावलीपुरती. पुरचुंडी पाण्यातून फिरवायची आणि उचलायची. त्या वेळी रस्त्यावरून आन्येसचे गाणे ऐकू आले आणि पाठोपाठ बापाचे मोठ्याने हसणे. पेरीनने तिकडे पाहिले. हात पाण्यातच राहिला. नीळ गडद झालेली तिला दिसली. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चूक झाली, पुन्हा धुऊ. पेरीनने चादरी त्याच पाण्यात बुडवल्या, ओलसर असतानाच घड्या घातल्या आणि गाडीत ठेवल्या. ओले कापड डाग लपवते, वाळल्यावर दाखवते, हे परटिणीला सांगावे लागत नाही.

पोचवणारीला बोलणी बसतील. मग दुसरी कुणी जाईल. कदाचित आपणच जाऊ, आणि ओसरीवर बाबा आपल्याला विचारतील, मग? इतकेच तिच्या मनात होते.

त्या संध्याकाळी गाडी आली. गिलोम एकटाच उतरला.

"आन्येस कुठं?" बातीस्तने विचारले.

गिलोमने टोपी काढून हातात धरली. "चादरींवर निळे डाग निघाले. नवरीच्या चादरी! कारभाऱ्यानं तिला सगळ्यांसमोर वाटेल ते सुनावलं. पोरगी एक शब्द बोलली नाही. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, मी आता तोंड दाखवायला येत नाही. नदीवर धुण्याच्या होड्या असतात ना, तिथं काम धरते. मी पुष्कळ सांगून पाहिलं."

बातीस्त तसाच ओसरीवर बसून राहिला. पेरीनने त्याच्यासमोर सूप ठेवले, ते निवले. तिने मनाचा हिय्या करून म्हटले, "बाबा, आज घाटावर..." पण त्याचे तोंड रस्त्याकडे होते. तिला वाटले होते, आन्येसची जागा रिकामी झाली की ती आपल्याला मिळेल. जागा रिकामी झाली होती खरी. पण ती आन्येसचीच होती.

उजाडायच्या आत पेरीन उठली. भाकरी आणि दुधाचे भांडे बापाच्या हाताशी ठेवले आणि त्याला न सांगता शहराच्या वाटेला लागली. ती पूर्वी कधी गेली नव्हती. पाय भरून आले तेव्हा शहर लागले. आन्येसने सांगितलेले सगळे तिथे होते. आरसे होते, पूल होता, टोप्या होत्या. पण पेरीनचे तिकडे लक्षच नव्हते. ती विचारत विचारत नदीवर गेली.

काठाला मोठ्या होड्या बांधलेल्या होत्या. आत दोन्ही बाजूंना बाया ओणव्या होऊन कपडे धूत होत्या. पेरीन फळीवरून आत शिरली आणि थबकली. आन्येसचा आवाज येत होता. आन्येस गोष्ट सांगत होती आणि शहरातल्या परटिणी कपडे धोपटायच्या लाकडी थाप्या थांबवून ऐकत होत्या.

आता इथे आपल्याविरुद्धचेच गाऱ्हाणे चालले असणार, असे पेरीनला वाटले. ती एका खांबाआड उभी राहिली.

"...तर ती पहाटे घाटावर जाते तेव्हा ओढ्यात बगळा उभा असतो," आन्येस सांगत होती. "दुसरं कुणी आलं की उडतो. ती आली की नुसता पाय बदलतो. आणि चुण्या अशा घालते, की बिशपचा झगा असला तरी चुण्या मोजून घ्याव्यात. आमच्या बाबांना दाढी करताना एकदासुद्धा कापलं नाही तिनं. मी केली एकदा, तर बाबा म्हणाले, आन्येस, मला आंधळा राहू दे, बिनकानाचा करू नको!"

बाया खळखळून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मग? मग पुढं काय करते ती?"

पेरीन खांबाला धरून उभी होती. तिला त्या गोष्टीतल्या बाईचा हेवा वाटला. कोण ही, जिच्यासाठी बगळा थांबतो? कोण ही, जिची गोष्ट ऐकायला शहर हातातले काम थांबवते? मग आन्येस म्हणाली, "पेरीन नाव तिचं," आणि पेरीन खांबाआडून बाहेर आली.

आन्येसने वळून पाहिले.

"नीळ मी घातली," पेरीन म्हणाली. "मला दिसलं होतं. तरी घातली."

"माहीत आहे," आन्येस म्हणाली. "तुझा हात निळीला चुकेल होय? घडी उलगडली तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारभाऱ्याला काय सांगू? माझ्या बहिणीला मी नकोशी झाले म्हणून?" आता आन्येसचा आवाज चढला. "तू माझ्याशी बोलतेस तरी का? दर गुरुवारी मी येते, बडबडते, आणि तू पाठ करून इस्त्री करतेस. तुझा दिवस मला बाकीच्या बायांकडून गोळा करावा लागतो. तो बगळासुद्धा मला गिलोमनं सांगितला!"

होडीतल्या बायांनी आपापली धुणी पुढे ओढली, पण धूत कुणीच नव्हते.

म्हातारीने मग निवाडा केला असे सांगतात. ती पेरीनला म्हणाली, "तू घरी चालती हो आणि हिला घेऊन जा. आणि आजपासून असं करा. जी शहरातून येईल तिनं दारात तोंड मिटायचं. जी घरी राहिली तिनं आधी बोलायचं. शहर काय, थांबेल. त्याला कुठं जायचंय?" दोघी बहिणींनी नदीच्या पाण्यात हात बुडवून तशी शपथ घेतली.

एका दूधवाल्याच्या रिकाम्या गाडीतून त्या परतल्या. वाटेत पेरीन मनाशी जुळवत होती, आज आपण बोलायचे, बाबांना काय काय सांगायचे. दिवस मावळता मावळता त्या दारात आल्या. बातीस्त ओसरीवर होता. पावले ऐकून तो उठला आणि भिंत चाचपू लागला.

पेरीनने तोंड उघडले आणि मिटले. तिच्या ध्यानात आले. आज शहरातून तीही आली होती. घरी राहिला होता तो एकच माणूस.

"बाबा," आन्येस हळूच म्हणाली, "आज तुम्ही बोलायचं. आमची शपथ आहे."

"माझं काय असणार?" बातीस्त म्हणाला. "मी तर इथंच होतो."

तेच वाक्य होते ते, त्याने स्वतःवर लावलेले. पेरीनने पाऊल आत टाकले नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने बापाला विचारले,

"मग?"

म्हातारा भिंतीला धरून पुन्हा बसला. मग बोलू लागला. "मग... आज मला सकाळ झालेली कळलीच नाही. घाटावर पंचवीस थाप्या पडतात, पण माझी सकाळ होते ती एका थापीनं. दोन जोरात, मग थोडं थांबून एक हलकी. ती ऐकली की मी पाय खाली टाकतो. ती थांबली की जेवणाची वेळ. पुन्हा लागली की ऊन कलतं. आज ती वाजलीच नाही. मी अंथरुणावरच बसून राहिलो. लोक येऊन जाऊन म्हणत होते, बातीस्त, आन्येस येईल हो. मी म्हणालो, ती येईल रे. ती जाते, ती येते. पण थापी कुठं गेली? डोळे गेले तेव्हा इतका अंधार झाला नव्हता."

आन्येसने पेरीनचा हात धरून बापाच्या हातात दिला. त्याने तो चाचपला, भेगा पडलेला, साबणाने सुरकुतलेला.

"हीच," तो म्हणाला. "इतकी वर्षं तू सांगत होतीस, पोरी. आणि मी रस्त्याकडे कान लावून बसलो होतो."

पुढे आन्येस पुन्हा गाडीवर जाऊ लागली. पेरीनच्या मनातला हेवा एका दिवसात गेला, असे मात्र मादाम सोलांज म्हणत नाहीत. त्या म्हणतात, तो अधूनमधून येई, पण आता त्याला बसायला जागा नसे. दर संध्याकाळी पेरीन आधी बोले. सुरुवातीला दोन वाक्ये, मग चार. असे करता करता शेजारच्या घरांनीही तो रिवाज उचलला.

परटिणी गेल्या, यंत्रे आली, गाडीच्या जागी आगगाडी आली. आजही एर्नव्हालमध्ये शहरातून परतलेले माणूस दारात गप्प उभे राहते. घरी राहिलेली आजी, रजेवरचा नवरा, तापाने शाळा बुडवलेली मुलगी, जे कुणी असेल ते आधी बोलते. आणि त्या माणसाने, "विशेष काही नाही, मी इथंच होते," असे म्हटले, तर आलेले माणूस आत पाऊल टाकत नाही. पाऊस असो, थंडी असो, हातात जड पिशव्या असोत, ते उंबऱ्यावर उभे राहून विचारते,

"मग?"