नवा सेन्सर

यंत्रे आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका मोटारीत टर्बो नावाचा पंखा इंजिनात जोराने हवा कोंबीत असे, पंप पेट्रोल पुरवीत असे आणि धुराच्या नळीत बसलेला सेन्सर धूर हुंगून दोहोंचे प्रमाण तपाशीत असे.

एकदा घाट चढताना सेन्सर ओरडला, "पेट्रोल कमी पडते आहे! हवा फार आणि पेट्रोल थोडे झाले की आच भडकते; अशाने पिस्टनदादा वितळतील!"

"धुरात बसून तुझे नाक गेले आहे," टर्बो हिणवून म्हणाला.

"मी तर नेहमीइतकेच देतो," पंप घाईघाईने म्हणाला.

इंजिनात वरखाली धावणाऱ्या पिस्टनची छाती मात्र भाजत होती.

गॅरेजात जिनप्पा मेकॅनिकने सेन्सरवरच ठपका ठेवून तो बदलला. मोटार पुन्हा घाटाला लागली. पहिल्याच वळणावर नवा सेन्सर भीत भीत म्हणाला, "क्षमा करा, मी आजच आलो आहे, परंतु पेट्रोल खरोखरच कमी पडते आहे."

टर्बो चपापला. त्याने तत्काळ हवेचा जोर उतरविला. सर्वांनी पंपाकडे पाहिले.

"माझी गाळणी तुंबली आहे," पंप पुटपुटला. "सांगायची लाज वाटत होती."

"लाज तुझी होती, बाबा," पिस्टन धापा टाकीत म्हणाला, "पण जळत मी होतो."