साध्या पाण्याचा डेंग्यू

"आणि साध्या पाण्याचा थेंब टाकलास तर?" शार्दूलच्या मार्गदर्शक गोगावले बाईंनी विचारलं.

शार्दूल हसला. तीन वर्षं खपून त्याने नखाएवढी चिप बनवली होती. तिच्यावर केसाहून बारीक कडं, कड्यात गोल फिरणारा प्रकाश. रक्तातला डेंग्यूचा विषाणू कड्याला चिकटला की प्रकाशाचा रंग किंचित सरकायचा आणि पडद्यावरची रेघ उडी मारायची. शोधनिबंध पाठवायची मुदत आज पाचला संपत होती. अडलं होतं ते फक्त बाईंच्या होकारावाचून.

"पाण्याला कुठे डेंग्यू होतो, बाई!"

"टाक तर खरं."

त्याने थेंब टाकला, चिपवर ओणवा झाला आणि नेहमीप्रमाणे सुरू झाला. "माझ्या चिपसारखी चिप अख्ख्या देशात..."

रेघेने उडी मारली.

शार्दूल चपापला, पण क्षणभरच. "बाटलीच खराब असणार. माझ्या चिपला तेवढंही कळतं बघा."

"आता काहीच टाकू नकोस."

"काहीच नाही? बरं. पण बाई, मी सांगतो, माझं हे कडं..."

रेघ पुन्हा उडाली. आधीपेक्षा उंच.

"खिडकीतून डास आला असेल," शार्दूल म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता.

बाईंनी त्याला दंडाला धरून चार पावलं मागे नेलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

एक मिनिट... दोन मिनिटं... तीन वर्षांत इतका अवघड प्रयोग त्याने केला नव्हता.

रेघ शांत झाली.

"बघा! मी म्हणत नव्हतो? माझी चिप..." तो धावत जाऊन पुन्हा ओणवा झाला.

रेघ टुणकन उडाली.

या वेळी मात्र तो गप्प झाला. तोंडासमोर तळहात धरून त्याने हळूच फुंकर घातली. हाताला ऊब लागली.

"बाई... म्हणजे इतके दिवस ही माझ्या श्वासाच्या उबेने..."

बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पाचला दहा कमी होते. निबंध न पाठवताच त्याने लॅपटॉप मिटला.

"चिप टाकाऊच निघाली ना, बाई?"

बाईंनी चष्मा पुसला, रेघेकडे पाहिलं.

"टाकाऊ कशी? तू बढाई मारलीस की उडतेच. रोग अगदी अचूक पकडलाय तिने."