उंबऱ्यावरचं पाणी

फार फार वर्षांपूर्वी, तलवारी म्यानात कमी आणि हातात जास्त असायच्या त्या काळी, एका राजाने शत्रूचं अख्खं नगर एका क्षणात जाळलं. त्याच्या किमयागारांनी सूर्याचा तुकडा कुपीत कोंडला होता म्हणे. कुपी फुटली, डोळे दिपले आणि नगर राहिलं नाही.

आणखी एक कुपी शिल्लक होती. तिच्यासाठी दुसरं नगरही ठरलं होतं. पण त्या राज्याची रीत अशी, की एका विजयाची बखर दरबारात पुरी वाचल्याशिवाय दुसरी मोहीम काढायची नाही. अर्ध्यावर बखर थांबवणं म्हणजे तर मोठा अपशकुन.

जळलेल्या नगराची बखर लिहायला राजाने आपला म्हातारा बखरकार तिकडे धाडला. गडी कामात वाकबगार. लढाई कुठलीही असो, याचं वाक्य ठरलेलं: ‘शत्रू धुळीस मिळाला, इतके हजार पडले.’ हजारांवर शून्यं चढवताना त्याचा हात कधी कापला नव्हता.

तो पोचला तेव्हा नगर जळून वर्ष झालं होतं. जिकडेतिकडे राख. दमून तो एका दगडी पायरीवर टेकला.

“उठा बाबा,” कमरेवर घागर घेतलेली एक बाई म्हणाली. “तिथं तुळाजीदादा बसलेत.”

पायरीवर तर कुणीच नव्हतं. कुरकुरत तो उठला आणि खाली बघतच राहिला. उजेडाने दगड पांढराफटक पडला होता, आणि त्यावर गुडघे जवळ घेऊन बसलेल्या माणसाची काळी सावली उमटली होती. माणूस गेला होता, सावली राहिली होती. 

“तांबट होते,” बाई म्हणाली. “मालकाने दुकान उघडायची वाट बघत बसले होते. नेहमी जरा लवकरच यायचे.” तिने सावलीला न भिजवता कडेला पळीभर पाणी ओतलं. “तुळाजीदादा, पाणी घ्या.”

पुढच्या घराचा नुसता उंबरा उरला होता. “येसूवहिनी, पाणी घ्या.”

“अहो, इथे कोण आहे प्यायला?”

“या आळीत पाणी मीच भरायची, बाबा. त्या सकाळी लांब नदीवर होते म्हणून वाचले. घरं गेली म्हणून खाडा करायचा का? आणि नाव घेतल्याबिगर आमच्यात कुणाला पाणी देत नाहीत.”

येसूवहिनीच्या उंबऱ्यापाशी, रोज पाणी पडायचं तिथे, राखेतून कण्हेरीचा कोंब वर आला होता. त्याला एक गुलाबी कळीही होती. शेजारच्या आळीतूनही हाका ऐकू येत होत्या. तिच्यासारखीच वाचलेली, घागरी घेतलेली माणसं एकेक उंबरा जागा करत चालली होती. बखरकाराला वाटलं, आपण इतक्या लढाया लिहिल्या, पण एवढं मोठं काही पाहिलं नाही. तो वर्षभर तिथेच राहिला. तिची दुसरी घागर तो उचलायचा आणि आळीआळीतल्या पाणी भरणाऱ्यांकडून प्रत्येक घराची हकिगत विचारून घ्यायचा.

तो परतला आणि दरबार भरला. बखरकार वाचू लागला. तुळाजी तांबट कोण, लेकीच्या लग्नासाठी त्याने कोणता हंडा घडवायला घेतला होता, उजेड पडला तेव्हा तो कुठे बसला होता.

“आकडा सांगा,” राजा म्हणाला.

“आकडा शेवटी आहे, महाराज.”

दिवस मावळला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी राजा वैतागला. “किती राहिलं अजून?”

“एक आळी होत आली, महाराज. अशा तीनशे होत्या.”

 सेनापतीने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. बखरकाराने कागद खाली ठेवला नाही.

राजाने हाताने सेनापतीला थांबवलं. मग हलक्या आवाजात त्याने विचारलं, “पुढचं घर कुणाचं?”

त्या दिवसापासून दरबारात रोज सकाळी एकच घर वाचायचं ठरलं. राजा म्हातारा झाला, त्याचा मुलगा गादीवर बसला, तरी बखर चालूच होती. दुसरी कुपी तळघरात धूळ खात पडली. आणि जे नगर जळायचं होतं, तिथली माणसं आपापल्या घरी पाणी भरत राहिली.

लहानथोरांनो, गाठीशी बांधायचं ते एवढंच: मेलेल्यांचा आकडा कानावरून जातो, एकाचं नाव काळजाला भिडतं.