सटवाईचा पदर

“सोड. पदर सोड म्हणते ना!”

“नाही सोडत. काय करशील? माझ्या कपाळी लिहायचं ते तू केव्हाच लिहून बसलीस. आणखी काय वाईट लिहिणार आहेस?”

“म्हातारे, मी कोण आहे हे ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे म्हणून तर धरलाय. येऱ्यागबाळीचा पदर धरायला मला वेळ नाही.”

एकदा काय झालं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ह्या दोघी आधीपासूनच भांडत होत्या. आता भांडणात शिरायचं तर माणसं ओळखून घ्यायला हवीत, बरं का. आणि हुंकार देत राहा. हुंकार थांबला की मी थांबणार, मग उद्या माझ्यामागं लागायचं नाही.

पदर धरला होता धुरपाबाईनं. नदीच्या वळणावर एक गाव होतं, तिथली ही म्हातारी. तोंडाची फटकळ. आणि जिचा पदर धरला होता ती सटवाई. उंच बाई, मोकळे केस, कनवटीला दौत, कानावर बोरू. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी ती घरी येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं पुढचं सगळं लिहून जाते. म्हणून पाचवीला पाटा मांडतात, त्यावर दिवा ठेवतात, बोरू ठेवतात आणि एक कोरा कागद ठेवतात. कोरा का? तर आपण विहिरीत वाकून बघतो तशी सटवाई त्या कागदात बघते. बघता बघता आत काहीतरी हलतं. बाळाचं पुढचं तिला दिसतं. मग ती ते कपाळावर उतरवते. आधी दिसतं, मग लिहिलं जातं. उलटं होत नाही.

धुरपाबाईच्या घरी त्या दिवशी पाचवी होती. मुलगा रखमाजी, सून तुळसा, आणि त्यांची पहिलीच मुलगी. पोर जन्मली ती उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून. सुईणीनं उघडून बघितली, उघडली नाही. रखमाजीनं तळहाताच्या रेषा बघायच्या म्हणून बोटं सोडवायला घेतली, सुटली नाहीत. धुरपाबाईनं तर तेल लावून बघितलं. छे. एवढंसं बोट, पण हलेल तर शपथ.

मग पाचवी आली. दिवा लागला, पाटा मांडला. आणि रखमाजीनं एक चूक केली. तो पाटलाच्या चावडीवर लिहिण्याचं काम करायचा. अक्षर मोत्यासारखं. त्याला तो कोरा कागद बघवेना. माझ्या लेकीच्या बाबतीत कोरं कशाला ठेवायचं? कोण जाणे सटवाई काय लिहील. म्हणून त्यानं तो कागद स्वतःच भरून ठेवला. चांगला नवरा, भरलं घर, दुधातुपाचं जेवण, चार मुलगे, आणि शेवटी एकादशीच्या दिवशी शांत मरण. वरपासून खालपर्यंत. समासही सोडला नाही. मायेनंच केलं हो. वाईट मनात आणून काही केलं नाही त्यानं.

सटवाई आली, पाट्याशी वाकली, आणि ताठ झाली. कागदात बघायला जागाच नव्हती. ती बोरू कानावर ठेवून उलट्या पावली निघाली. धुरपाबाई दारातच बसली होती. तिनं पदर पकडला. आपण आलो ते इथं.

“माझ्या नातीचं कपाळ कोरं ठेवून जाशील? त्यापेक्षा वाईट लिही, पण लिही!”

“मला दिसलं नाही ते मी लिहीत नाही,” सटवाई म्हणाली. “तुझ्या लेकानं माझे डोळे झाकले. आता ह्या घरातल्याच कुणीतरी बघायला हवं आणि मला शब्दांत सांगायला हवं. सांग, मी लिहीन. पण कपाळावर ठरेल तेच खरं. तीनदा हाक मार, तीनदा येईन. बारशाला पाळणा हलायच्या आत.”

“आणि नाही जमलं तर?”

सटवाईनं दिव्याकडं बोट केलं. दिव्याच्या उजेडात सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या. तुळसाची होती, तिच्या मांडीची होती, मांडीवरच्या दुपट्याची होती. बाळाची सावली नव्हती.

“जिचं काही लिहिलेलं नाही, तिला जमीन धरून ठेवत नाही,” सटवाई म्हणाली आणि गेली.

मग दुसऱ्या दिवसापासून पोर हलकी होऊ लागली. रडत नव्हती, झोपत नव्हती, आढ्याकडं बघत पडून राहायची. सावरीची बोंडं फुटली की म्हाताऱ्या उडतात ना, तशी हलकी. तुळसा तिला पाजताना श्वास जपून सोडायची.

मग धुरपाबाई गावात फिरली. दारोदार गेली, म्हणाली, तुमच्याकडचं चांगल्यात चांगलं बोलणं मला द्या. लोकांनी दिलं. लोक अशा वेळी हात आखडत नाहीत. ‘राजाची राणी होईल.’ ‘सोन्याच्या ताटात जेवेल.’ ‘शंभर वर्षं जगेल.’ ओटीभर शब्द घेऊन ती घरी आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि हाक मारली.

सटवाई आली. बोरू बुडवला. लिहिलं. अळवाच्या पानावर पाणी टाकलं की काय होतं? तसंच झालं. अक्षरं कपाळावर गोळा झाली, डळमळली आणि नाकावरून ओघळून उशीवर पडली.

“हे शब्द मी इतक्या कपाळांवर लिहिलेत,” सटवाई म्हणाली, “की त्यांना आता कोर उरली नाही. गुळगुळीत झालेत. तुझ्या घरचा उंबरा तरी बघ, किती झिजलाय.”

“मग नवे कुठून आणू? शब्द काय मी घरी पेरलेत?”

“ते मला विचारू नकोस.” आणि गेली.

धुरपाबाईला राग आला. राग आला की ती नदीवर जायची. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसायची, पाय पाण्यात सोडून. पलीकडच्या काठावर बाभळी होत्या आणि बाभळींच्या मागं काय होतं ते तिनं जन्मात बघितलं नव्हतं. लहानपणी ती गुडघाभर पाण्यात शिरायची, तेवढ्यात मागून बापाची हाक यायची, “धुरपे, मागं फिर.” पुढं सासऱ्याची आली. पुढं नवऱ्याची. मग नवरा गेला, आता हाक मारणारं कुणी राहिलं नाही, तरी पाऊल गुडघ्याशीच थांबायचं. मागून हाक येईल म्हणून.

हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. पण त्या दिवशी पाण्याकडं बघता बघता तिच्या आत ते वर आलं. ती धावत घरी गेली. उंबऱ्यातून हाक मारली.

“लिही,” ती म्हणाली. “ही नदी उतरून पलीकडं जाईल, आणि हिला कुणी मागून हाक मारणार नाही.”

सटवाईचा हात थांबला. तिनं धुरपाबाईकडं एकदा नीट बघितलं. मग लिहिलं. आणि ह्या वेळी अक्षरं ओघळली नाहीत. ठरली. तुळसानं तोंडावर हात ठेवला. रखमाजी रडायला लागला.

मग अक्षरं हलली. मुंग्यांची रांग निघते ना, तशी कपाळावरून निघाली, गालावरून उतरली, बाळाला धरलेल्या म्हातारीच्या हातावर आली. मनगट, कोपर, खांदा, मान. आणि धुरपाबाईच्या कपाळावर चढून, सुरकुत्यांच्या ओळीत, एकेक अक्षर आपापल्या जागी जाऊन बसलं.



“वाक्य खरं होतं,” सटवाई म्हणाली. “कपाळ चुकलं.”

धुरपाबाईनं कपाळाला हात लावला. ती मोठ्यानं रडणारी बाई नव्हती. म्हणाली, “माझ्या पाचवीलाच का नाही लिहिलंस हे?”

“तुझ्या पाचवीला कुणी माझा पदर धरला नव्हता,” सटवाई म्हणाली. ह्या वेळी ती जरा हळू गेली.

हुंकार? हां. जागे आहात.

मग आली बारशाची आदली संध्याकाळ. पोर आता इतकी हलकी झाली होती की दार उघडलं तरी दुपट्यासकट वर उचलली जायची. धुरपाबाईनं आपल्या पदराचं टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक दाताखाली धरून बसली. डोक्यात शब्दांची गर्दी. हा घेऊ का तो घेऊ. एक जुळवायची, मोडायची. दुसरं जुळवायची, तेही मोडायची. ओठ नुसते हलत होते.

तुळसा चुलीपाशी घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती. ती फार बोलणारी नव्हती. पण त्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं.

“आत्याबाई, एक बोलू? रागावू नका.”

“रागावेन. बोल.”

“पाचवीपासून तुम्ही हिचं कपाळ बघताय. हे पण बघतात. सगळं गाव बघतंय. हिच्याकडं कुणी बघितलंच नाही.”

धुरपाबाईच्या तोंडावर उत्तर आलं होतं. सासू होती ती, उत्तर यायचंच. पण तिनं ते गिळलं. पदराचं टोक दाताखाली होतं म्हणूनही असेल. मग ती खाली वाकली आणि बघायला लागली. शब्द शोधत नव्हती आता. नुसती बघत होती. कानाची पाळी. भुवईच्या जागी नुसती लव. श्वास घेताना पोटाला पडणारा खळगा. आणि छातीशी घट्ट धरलेली ती मूठ. पोर वाऱ्यावर उडायला निघाली होती, अंगातली सगळी ताकद गेली होती, पण मूठ तिनं सैल सोडली नव्हती. धुरपाबाईला तेल लावलेली आपली बोटं आठवली. तिनं हात मागं घेतला.

सकाळ झाली. पाळणा टांगला. रखमाजीनं घुगऱ्यांचं पातेलं आणून ठेवलं. पदराला बांधलेली पोर घेऊन धुरपाबाई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं तिसरी हाक मारली.

“आहे काही?” सटवाईनं येता येताच विचारलं.

“आहे. पण पुरं नाही.”

“मग कशाला बोलावलंस? मी अर्धं लिहीत नाही. जन्मापासून मरणापर्यंत लिहिते. बोरू बुडवला की शेवटाला नेऊनच उचलते.”

“तेच तर तुझं चुकतं.”

“माझं चुकतं?” सटवाई इतक्या जोरात ओरडली की पाळण्याच्या साखळ्या वाजल्या. “धुरपे, तोंड सांभाळ! जगाच्या सुरुवातीपासून लिहितेय मी!”

“असशील! माझ्या लेकानं कागद शेवटापर्यंत भरला, तेव्हा तुला बघायला जागा उरली नाही म्हणून रागावलीस. मग तू कपाळ शेवटापर्यंत भरतेस, तेव्हा ह्या लेकरांनी कुठं बघायचं? त्यांना कुठं जागा आहे गं?”

“शेवट नसला तर अक्षर ठरणार नाही!”

“ठरेल!”

“नाही ठरणार! आणि ही तिसरी वेळ आहे. ह्यानंतर मी येणार नाही. ती बघ, बघ!”

खरंच, दारातून वारा आला आणि पोर वर उचलली गेली. पदर ताणला. गाठ सुटायला लागली. तुळसा धावली, तिचा हात पोचेना.

आता थांबा. घाबरू नका. तुमच्यापैकी दोघांचे डोळे मिटलेत, आणि अशा ठिकाणी गोष्ट सोडून झोपलेलं पोर दचकून उठतं. म्हणून शेवट मी आधीच सांगते. गोष्ट माझी आहे, मी वाटेल तिथून सांगेन.

सगळं चांगलं झालं. अक्षरं ठरली. पोरीची सावली भिंतीवर पडली, आणि पोर अशी काही रडली की आढ्यावरचे कावळे उडाले. बारसं झालं, सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, सटवाईनंही पदरात बांधून नेल्या. तेव्हापासून ती काही काही कपाळांवर एकच ओळ लिहिते आणि बाकीचं सोडून देते, असं म्हणतात. रखमाजीनं पुन्हा कधी कोरा कागद बघून हात शिवशिवू दिले नाहीत. आणि धुरपाबाई एका सकाळी नदी उतरून पलीकडं गेली. रखमाजीनं हाक मारायला तोंड उघडलं होतं, तुळसानं त्यावर हात ठेवला. बाभळींच्या मागं काय होतं ते बघून म्हातारी आपल्या पायांनी परत आली. सगळी सुखानं राहिली. तुम्हीही राहा. पांघरूण नीट घ्या, भिंतीकडं तोंड करा, आता झोपा.

काय? झोप नाही आली? ती काय म्हणाली ते राहिलं? हां, ते जागं असलेल्यांसाठी.

गाठ सुटत होती. सटवाई बोरू धरून उभी होती. धुरपाबाईनं पोरीला दोन्ही हातांनी धरलं, मूठ न चाळवता, आणि तिच्या कपाळाशी तोंड नेऊन म्हणाली, “एक होती मुलगी, आणि तिच्या मुठीत काय आहे ते, तिला वाटेल तेव्हा, तिची ती सांगेल.”