साळूला मिळालेला शब्द

ते राज्य नदीपेक्षा सखल होतं, आणि मध्ये मातीचा बांध होता म्हणूनच ते राज्य होतं. बांधापलीकडे पाणी घरांच्या छपरांइतकं उंच उभं असे. अलीकडे प्राणी संसार करत, भांडत, पिल्लं वाढवत.

बांध तपासायचं काम साळूकडे होतं. अंगावरचा काटा ती मातीत टोचून बघे. तो सहज आत गेला, की तिथली माती उकरून पुन्हा ठोकून घ्यायला लावी. कुणी कुरकुरलं तर म्हणे, "आपण दमलो म्हणून पाणी थांबत नाही." तिच्या या कामावरूनच तिथल्या बोलीत 'काटेकोर' हा शब्द आला. सुगरणीनं घट्ट खोपा विणला, की शेजारणी कौतुकानं म्हणत, "काटेकोर आहे हो." स्थळ बघताना हा शब्द कानावर आला, की आईबाप निर्धास्त होत.

मग राजा गव्यानं बांधाचा जुना भाग पाडून तिथे नवा घालायचं ठरवलं. काम त्याच्या प्रधानाकडे, बगळ्याकडे गेलं. बांध झटपट उभा राहिला, दिसायलाही देखणा होता. साळूनं काटा टोचला, तो मुळापर्यंत आत गेला.

"हा भाग पुन्हा करावा लागेल," ती दरबारात म्हणाली.

बगळा रागावला नाही. मान किंचित कलती करून तो म्हणाला, "आमच्या साळूताई फारच काटेकोर, बाबा."

'फारच' आणि 'बाबा', एवढंच काय ते त्यानं जास्तीचं जोडलं. दरबार हसला. साळूही कसनुशी हसली.

त्या दिवसापासून शब्दाची चव पालटली. आंबलेल्या कण्या वाढणारी मुंगशीण नवऱ्याला म्हणू लागली, "खा मुकाट्यानं, काटेकोरपणा नको." पिल्लं खेळताना एकमेकांना तो शब्द फेकून मारू लागली. पुढे पुढे तो कुजबुजत म्हटला जाऊ लागला, जसं एखाद्या घरातल्या आजाराबद्दल बोलावं. सुगरणींनी खोपे सैल विणायला घेतले. 'काटेकोर'ऐवजी दुसरा एक शब्द घरोघर रुळला, 'चालेल'. तो म्हणायला सोपा होता, आणि म्हणणाऱ्याला सगळे जवळ बसवून घेत.

साळूला कुणी जेवायला बोलवेनासं झालं. ती पाणवठ्यावर गेली, की बोलणी थांबत.

"तुझं खरं असेल गं," एकदा तिचा नवरा म्हणाला. "पण तू तोंड उघडलंस, की आधी तो शब्दच ऐकू येतो सगळ्यांना. तुझं पुढचं कुणी ऐकतच नाही."

"मग काय करू?"

"मला पुन्हा चारचौघांत बसायचंय," एवढंच तो म्हणाला.

पाणी चढायच्या दिवसांआधी राजानं बांधाखाली सभा भरवली. भिंतीवर फुलांच्या माळा सोडल्या होत्या. "साळू," राजानं विचारलं, "बांध कसा आहे?"

साळूनं मातीला हात लावला. माती गार होती. सगळे तिच्याकडे बघत होते, रागानं नव्हे, जरा आशेनंच. गर्दीत नवरा मान खाली घालून उभा होता.

"चालेल," साळू म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंगशिणीनं तिला मिठी मारली. पंगतीत तिचं पान राजाशेजारी मांडलं गेलं. नवरा किती दिवसांनी मोकळं हसला. साळूनं मात्र पान तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली, तेव्हा बगळ्याचे नातेवाईक येऊ लागले. आधी दोन-चार आले, मग थवेच्या थवे. कुणाशी न बोलता ते चौकात, अंगणांत, पिल्लांच्या खेळायच्या मैदानात पांगले. जमीन सगळीकडे कोरडी ठणठणीत होती. त्या कोरड्या जमिनीत एकेक पाय रोवून, चोच खाली करून, ते मासे धरायला उभे राहिले.